भाचीची गाडी

गाडी बनवणं त्या मानाने सोपं असतं, असं अश्लेषा राऊत नेहमी सांगायची. चाकं, मोटर, बॅटरी, मागे लोखंडी हौदा. पैसे मोजले की सगळं बाजारात मिळतं. अवघड ते पुढचं. ही गाडी उद्या कुणाच्या हाती पडेल, तो तिच्यात किती माल कोंबेल, मे महिन्यात ती उघड्यावर भाजत ठेवेल की झाडाखाली लावेल, सिग्नल सुटल्यावर पोराचा कान पिळावा तसा अ‍ॅक्सिलरेटर पिळेल की बेताने निघेल, यातलं काहीच बनवणाऱ्याला ठाऊक नसतं. आणि तरी गाडीवर एक आकडा छापावा लागतो: एकदा चार्ज केली की इतके किलोमीटर. जे ठाऊक नाही त्याचं गणित मांडून तो आकडा काढायचा आणि त्याला पुरेल एवढी बॅटरी ठरवायची, हे नागपूरजवळ हिंगणा एमआयडीसीतल्या त्या लहानशा कारखान्यात अश्लेषाचं काम होतं. कारखाना मालवाहू इलेक्ट्रिक तीनचाकी बनवायचा. मालक होते शरच्चंद्र गिरडकर. पण आकड्याखाली सही असायची अश्लेषाची.

हे गणित हवेत मांडता येत नाही. म्हणून कारखान्याने चार गाड्या चार माणसांना वर्षभर फुकट वापरायला दिल्या होत्या. अट एवढीच, की रोज किती वजन नेलं ते मोबाइलवर भरायचं आणि भरलेल्या गाडीचा फोटो टाकायचा. मोटरने किती करंट खाल्ला, बॅटरी किती तापली, हे गाडी आपणच कारखान्याला कळवायची. चौघांपैकी तिघांनी या नोंदींची पार वाट लावली. पाण्याचे जार पोचवणारा एक जण वजनाच्या रकान्यात ‘भरपूर’ असं लिहायचा. दुसऱ्याने तीन महिने रोज एकच आकडा लिहिला. तिसरा आठवण आली की लिहायचा, आणि आठवण त्याला क्वचित यायची. चौथी गाडी मात्र सावनेरला होती, अश्लेषाचे सख्खे मामा रुपराव ढोके यांच्याकडे.

रुपरावांचं काम बघून डोळे निवावेत असं होतं. स्वतःच्या आणि आजूबाजूच्या चार शेतकऱ्यांचा भाजीपाला ते रोज पहाटे सावनेरहून नागपूरच्या कळमना मार्केटला न्यायचे. रोज नोंद, रोज वजनकाट्याची छापील पावती, रोज काठोकाठ भरलेल्या गाडीचा फोटो. चारशे ऐंशी किलो, चारशे नव्वद, पाचशे. वर्षभरात मोजून नऊ सुट्ट्या. ऑफिसात अश्लेषा तो तक्ता लोकांना उघडून दाखवायची आणि म्हणायची, नोंद अशी ठेवतात.

त्यात अभिमान होता आणि का नसावा. ती नववीत असताना वडील गेले, तेव्हापासून मामाच तिच्यामागे उभा राहिलेला. अकरावीच्या प्रवेशापासून इंजिनीअरिंगच्या शेवटच्या पेपरापर्यंत प्रत्येक परीक्षेला हा माणूस केंद्राबाहेर भिंतीच्या सावलीत डबा घेऊन बसलेला असायचा. शिवाय आपल्याकडची रीत. पुण्याकडच्या लोकांना सांगितलं तर ते हसतात, पण आपल्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. भाची म्हणजे देवाच्या बरोबरीची. तिला उष्टं ताट उचलू द्यायचं नाही, पाण्याचा हंडा उचलू द्यायचा नाही. तिच्यावर भार टाकला तर पाप मामाला. साठीला टेकलेले रुपराव अजूनही भर रस्त्यात वाकायचे, आणि लहानपणी लाजणारी अश्लेषा आता सवयीने नुसती उभी राहायची.

तर या मामांच्या नोंदींतून एक आनंदाची गोष्ट निघाली होती. पाच क्विंटल माल घेऊनसुद्धा गाडी फारच कमी वीज खात होती. बाकी तिघांच्या गाड्या जास्त खात होत्या, पण त्यांच्या नोंदींवर कोण विश्वास ठेवणार. अश्लेषाने निष्कर्ष काढला की आपली गाडी आपल्याला वाटली त्यापेक्षा चांगली आहे आणि मोटर चालवण्याचा तिने लिहिलेला प्रोग्रॅम तर फारच चांगला आहे. आपली स्तुती गणिताच्या तोंडून ऐकायला मिळाली की भले भले पुन्हा बेरीज करून पाहत नाहीत.

ऑफिसात एकटा दुर्गेश अडला होता. दुर्गेश म्हणजे तिच्या हाताखालचा मुलगा, वय अठ्ठावीस, कोराडीच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत वाढलेला. तो म्हणाला होता, “मॅडम, मोटर कमी करंट घेऊन राहिली याचा अर्थ गाडी चांगली आहे असा नाही होत. वजनच कमी असंन.”

“पावत्या आहेत. फोटो आहेत.”

“आहेत ना. पण मोटरले पावती नाही दिसत, तिले वजन समजते.”

“म्हणजे माझे मामा खोटं लिहितात?”

दुर्गेश म्हणाला, तसं नाही. पण अश्लेषाने ते तसंच धरलं. पंधरा लोकांसमोर त्याला म्हणाली, की ज्या माणसाने वर्षात नऊ सुट्ट्या घेतल्या त्याच्याबद्दल बोलताना आधी स्वतःची हजेरी बघावी. पुढच्या महिन्यात दुर्गेशची रवानगी चार्जर दुरुस्तीच्या खोलीत झाली. तिने नुसतं नाव सुचवलं होतं, बाकी मालकांनी केलं. आणि गाडीत बॅटरीचे तीन डबे बसणार होते तिथे चाचणीच्या गाड्यांसारखे दोनच ठरले. दोन डब्यांत, पाच क्विंटल वजनासह, नव्वद किलोमीटर. खाली सही, अश्लेषा राऊत.

अशा साठ गाड्या तयार झाल्या. अक्षय्यतृतीयेला त्या लोकांच्या दारी जाणार होत्या, त्यातल्या चौदा एकट्या सावनेरला, रुपरावांच्या शब्दावर. या साठांशिवाय तीन गाड्या तेवढ्या आधी दिल्या होत्या, आणि त्यातली एक कामठीच्या कामिनी हेडाऊकडे गेली होती.

कामिनी ही पॉवरलूमवाल्याची बायको. जाताना कापडाच्या गठड्या नागपूरच्या इतवारी बाजारात न्यायची आणि येताना सुताची पोती घेऊन यायची, म्हणजे जाता-येता गाडी भरलेलीच. गाडी मिळाल्याच्या चौथ्या दिवशी दुपारी दोनला तिचा फोन आला.

“मॅडम, तुमची गाडी खोटं बोलते.”

“काय झालं?”

“कामठी रोडवर उभी हाय मी, उन्हात. स्क्रीनवर दिसून राहिलं का अजून बत्तीस किलोमीटर चालीन. अन् चालत काहीच नाही. मेली सरळ.”

“ताई, किती भरलं होतं?”

“चारशे सत्तर. मोजून भरलं. तुमच्या कागदावर पाचशे लिहून हाय. मी कागद वाचते मॅडम.”

तिने नंतर अजून बरंच ऐकवलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही आणि त्यात चुकीचंही काही नव्हतं. अश्लेषाने टेम्पो पाठवून गाडी उचलून आणवली आणि दार लावून घेऊन बसली. कामिनीच्या गाडीने अठ्ठावन्न किलोमीटरवर जीव सोडला होता. बॅटरीत दोष नव्हता, मोटरमध्ये नव्हता. तिने फोटोतले जार मोजून पाण्याच्या जारवाल्याचे आकडे काढले, त्या विसरभोळ्याचे काढले, त्यांच्याशेजारी कामिनीचे ठेवले. तिघं एका ओळीत उभे राहिले. वर्षभर ज्यांना ती बेशिस्त म्हणत आली ते सगळे एकच गोष्ट सांगत होते, आणि त्या ओळीबाहेर, लांब, एकटेच होते रुपराव.

मामांच्या गाडीत दीडशे किलो माल आहे असं धरलं की तेही गुपचूप त्या ओळीत येऊन बसत होते. तिने ते तीनदा करून पाहिलं.

मालकांना ती म्हणाली, गाड्या थांबवा, तिसरा डबा लागेल. शरच्चंद्र गिरडकर वाईट माणूस नव्हता, पण साठ गाड्या त्याच्या अंगणात उभ्या होत्या. तो म्हणाला, “एका बाईची गाडी बंद पडली म्हणून? तिनं जास्त भरलं असेल. आपल्याजवळ वर्षभराच्या पावत्या आहेत, तूच तर दाखवल्या. त्या खोट्या असतील तर तुझ्या मामांना घेऊन ये, ते माझ्यासमोर सांगू देत. मी आजच्या आज थांबवतो.” अक्षय्यतृतीयेला आठ दिवस राहिले होते. साठ माणसांनी भर उन्हात रस्त्यावर उभं राहायचं की नाही, हे आता एका माणसाच्या खरं बोलण्यावर येऊन थांबलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला ती सावनेरच्या बाजारात उभी होती. न कळवता गेली होती. मनात अजून एक कोपरा होता जो म्हणत होता की काट्यातच काही घोटाळा असेल, मामा बिचारा काय करणार.

मामा चिंचेखाली होते. त्यांच्याजवळ दोन गाड्या उभ्या होत्या. एक त्यांचा जुना डिझेल टेम्पो, जो त्यांनी मागच्या वर्षी विकला असं त्यांनीच फोनवर सांगितलं होतं. त्यात हमाल कांद्याचे आणि वांग्यांचे क्रेट चढवत होता, वर लाल भोपळे. दुसरी तिची गाडी. तिच्या बॅटरीवर ओलं पोतं टाकलं होतं, आरसे पुसलेले होते, आणि हौदा काठोकाठ भरला होता, थेट फोटोत दिसायचा तसा. अश्लेषा जवळ गेली. कोथिंबीर, पालक, मेथी. नुसता पाला. तिने हात घातला तर कोपरापर्यंत आत गेला.

मामांच्या हातात काट्याची पावती होती. भाचीला पाहून ते आधी दचकले, मग वाकले. तिच्या पावलांना हात लावून उठले आणि म्हणाले, “अशू? इतक्या पहाटे? फोन तं करायचा बाई.”

“ही पावती कोणत्या गाडीची आहे मामाजी?”

“मालाची हाय.”

“माल कोणत्या गाडीत आहे?”

रुपरावांनी पावतीची घडी घातली, खिशात ठेवली, आणि म्हणाले, “घरी चाल. इथं लोकं हायेत.”

घरी शामलामामीने चहा ठेवला. ही बाई एरवी भाची आली की बोलून घर डोक्यावर घ्यायची, आज तिने दोघांच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही. तिला माहीत होतं हे अश्लेषाला तिथेच कळलं.

“कधीपासून करून राहिले तुम्ही हे?” अश्लेषाने विचारलं. रागावली की तीही सावनेरचीच बोलायची.

“पहिल्या हप्त्यापासून,” रुपराव म्हणाले. लपवायचं त्यांनी सोडून दिलं होतं, आणि ते काही निर्लज्जपणे नाही, थकून. “पहिल्या दिवशी टाकलं होतं मी पाच क्विंटल. जाताना गेली चांगली. येताना दुकानदाराचा माल होता, तोही घेतला. पाटणसावंगीच्या अलीकडे बसली. ट्रॅक्टरनं ओढून आणली, वरून ताडपत्री टाकून, का कोणाले दिसू नये. तवापासून मी काही जड नाही टाकलं तिच्यावर.”

“त्या दिवशी तुम्ही सुट्टी लिहिली. सुट्टीच्या दिवसाचे गाडीचे आकडे आम्ही पाहतच नव्हतो.”

“हो.”

“पहिली सुट्टी. ताप आला म्हणाले होते.”

“काय सांगू मंग? लोकं काय म्हणले असते? रुपरावच्या भाचीची गाडी बसली. अन् भाचीची गाडी हाय ती. तुह्यावर कधी एक तांब्या पाण्याचा भार नाही टाकला मी, अन् तुह्या गाडीवर पाच क्विंटल टाकू? हात नाही उचलला माहा.”

खरं सांगायचं तर हे ऐकून एखादी विरघळली असती. मामाचं प्रेम खरंच होतं, त्यात काडीची भेसळ नव्हती. पण सोन्याची सुरी असली म्हणून कुणी उरात खुपसून घेत नाही. अश्लेषाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“मामाजी, मला तेच पाहिजे होतं. ती कुठं बसते, किती ओझ्यानं बसते, किती उन्हात बसते. त्याच्यासाठीच गाडी दिली होती तुम्हाले. चांगली चालली हे सांगाले मला कोणाचीच गरज नव्हती. ती एक दिवस बसली, तो एक दिवस माझ्यासाठी साऱ्या वर्षापेक्षा मोठा होता, अन् तुम्ही तो ताडपत्रीखाली झाकला.”

“मले वाटलं तू हुशार हायेस, सुधरवून घेशीन.”

“कशावरून सुधरवू? तुम्ही रोज छान छान लिहून पाठवत होते.”

बाजाराकडून टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला आणि लांब गेला. माल निघाला होता, त्यांच्यावाचूनही निघत होता.

मग ती मुद्द्यावर आली. आज माझ्यासोबत नागपूरला चला. मालकांसमोर एवढंच सांगा, की वजनाचे आकडे या गाडीचे नाहीत. दहा मिनिटांचं काम. साठ गाड्या थांबतात, तिसरा डबा बसतो, कोणी रस्त्यावर उभं राहत नाही. तुमच्या सावनेरचे चौदा जणही नाही.

रुपरावांनी चहाची बशी खाली ठेवली. “ते नाही होणार बाई.”

“काहून?”

“चौदा घरांनी माह्या शब्दावर नावं लिहिली. कळमन्यात, इथं, चाळीस वर्षं झाले, माह्या मापावर कोणी बोट नाही ठेवलं. उद्या सारे म्हणतीन रुपरावनं वर्षभर खोट्या पावत्या दिल्या. मंग माह्या काट्यावर कोण माल देईन?” ते थांबले. नंतर बोलले तेव्हा आवाज समजुतीचा होता, लहान मुलीला औषध पाजताना असतो तसा. “तू असं कर. बॅटरीत दोष निघाला म्हण. नाहीतर हिशोबात चूक झाली म्हण. तू शिकलेली, नोकरीवाली. शिकलेल्याची चूक लोकं चार दिवसांत विसरते. आमची नाही विसरत.”

अश्लेषाला आधी वाटलं आपण नीट ऐकलं नाही. वर्षभराची फसवणूक तिला इतकी लागली नव्हती. तिच्यात निदान तिची काळजी होती. हे वेगळं होतं. हे मामांनी आताच्या आता, तिच्या डोळ्यांत बघून, विचार करून सांगितलं होतं.

शामलामामी ओट्यापाशी उभी होती. तिथूनच म्हणाली, “गाडीवर चार क्रेट टाकाले जीव नाही झाला तुमचा. अन् हे सारं पोरीवर टाकून राहिले.”

“तू चूप बस वं,” रुपराव म्हणाले, आणि ती चूप बसली. मामी त्या घरात चाळीस वर्षं तशीच बसत आली होती.

अश्लेषा उठली. मामा येत नसतील तर दुसरा पुरावा तिला स्वतःच्या हाताने करावा लागणार होता, आणि तो करायला गाडी बाजारात उभीच होती. ती बाजारात परत गेली, मागोमाग रुपरावही आले. मेथी-पालकाच्या जुड्या तिने उतरवून चिंचेखाली रचल्या. एका ओळखीच्या अडत्याकडून बावीस क्रेट कांदा घेतला, काट्यावर स्वतः उभं राहून मोजला, चारशे नव्वद किलो, पावतीसकट फोटो काढला, आणि पदर खोचावा तशी ओढणी कमरेला बांधून क्रेट उचलायला लागली.

बाजारातली माणसं हातातलं काम सोडून बघायला लागली. रुपरावांची भाची, इंजिनीअर, भर बाजारात हमाली करत होती आणि मामा चार हातांवर उभा होता. एक हमाल पुढे आला, पण रुपरावांच्या चेहऱ्याकडे बघून जागीच थबकला.

“नको उचलू बाई,” रुपराव हळूच म्हणाले. “लोकं पाहून राहिले.”

“मग तुम्ही उचला.”

त्यांनी क्रेटकडे पाहिलं. लोकांकडे पाहिलं. क्रेट उचलला असता तर या गाडीवर माल चढतो आहे हे सगळ्यांनी पाहिलं असतं, आणि मग आजवर का चढला नाही हेही कुणीतरी विचारलं असतं. त्यांचे हात तसेच राहिले. अश्लेषाने बावीस क्रेट एकटीने चढवले. सतराव्याला कमरेत लचक भरली, तरी थांबली नाही. रडू येईल अशी भीती होती, पण दम इतका लागला होता की रडायला जागा नव्हती.

ती नागपूरकडे निघाली. कांदा विकायचा नव्हताच, नुसतं वजन हवं होतं. कळमन्याला वळसा घालून तशीच भरल्या गाडीने परत फिरली. ऊन चढलं. रस्त्यावर कोळशाचे ट्रक, राखेची पांढरी धूळ. कोराडी मागे पडली तेव्हा स्क्रीन म्हणत होता अजून चौतीस किलोमीटर. तो स्क्रीन तिनेच शिकवलेला होता, त्याला मामांच्या नोंदी पाजून. एका लहानशा चढावर गाडीचा जोर गेला. तिने ती कडेला बाभळीखाली घेईपर्यंत चाकं थांबली. सत्तावन्न किलोमीटर.

तिने फोटो काढले आणि दुर्गेशला फोन लावला. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

“दुर्गेश, मी कोराडीच्या पुढं उभी आहे. गाडी बंद पडली.”

“किती किलोमीटर?”

“सत्तावन्न.”

“वजन?”

“चारशे नव्वद. मी स्वतः मोजलं, स्वतः भरलं.” आणि तो काही बोलायच्या आत, “तू तेव्हा बरोबर सांगत होता. मी तुझा सगळ्यांसमोर अपमान केला. पावत्या दुसऱ्या गाडीच्या होत्या.”

“फोटो पाठवा मॅडम,” दुर्गेश म्हणाला. “कामठीची गाडी अन् ही, दोन्ही सोबत ठेवून सरांना दाखवतो. दोन झाल्यावर नाही म्हणता येत नाही.” माफ केलं की नाही ते त्याने सांगितलं नाही. अर्ध्या तासात मालकांचा निरोप आला, एकाच ओळीचा: साठही गाड्या थांबवल्या, उद्या येऊन लेखी दे.

म्हणजे झालं होतं. ज्यासाठी ती पहाटे निघाली होती ते झालं होतं. बाभळीच्या विरळ सावलीत बसून तिने ते मनाशी दोनदा म्हटलं, आणि तरी तिला बरं वाटेना.

एवढ्यात सावनेरकडून एक मोटरसायकल आली, पुढे जाऊन वळून परत आली. चाळिशीचा माणूस, डोक्याला दुपट्टा. अश्लेषाने त्याचा फोटो बुकिंगच्या यादीत पाहिला होता. सुमंत, केळवदकडचा वांगीवाला, चौदातला एक.

“तुम्ही रुपरावजींच्या भाची ना?” त्याने गाडीकडे पाहिलं. “बसली काय?”

“बसली.”

“सांगत होते रुपरावजी.” तो उतरला, बाटलीतलं पाणी तिला दिलं. “सकाळीच बाजारात साऱ्यांना बोलावून सांगतलं त्यांनी. म्हणे भाचीच्या हिशोबात गडबड निघाली, गाडी सांगतली तेवढी नाही चालत, सध्या नावं काढून घ्या. तुम्ही नागपूरकडं निघाल्या अन् लगेच.” तो चांगला माणूस होता, तिला वाईट वाटू नये म्हणून धडपडत होता. “होते ताई. हिशोब हाय, चुकते. नका मनावर घेऊ.”

लगेच. म्हणजे ती कांद्याचं ओझं घेऊन पहिला किलोमीटर जात होती तेव्हाच.

तिने त्याला सगळं सांगितलं. मोठ्याने नाही, एकामागून एक, कोर्टात सांगावं तसं: टेम्पो, पावत्या, कोथिंबीर, ताडपत्री. सुमंत मान खाली घालून ऐकत होता, चपलेच्या टोकाने माती उकरत.

“ताई, राग नका येऊ देऊ,” तो म्हणाला. “मी लहान माणूस हाय. पण आपलं चुकल्यावर मामाचं नाव घेणं बरं नाही दिसत.”

“मी खोटं नाही बोलत आहे.”

“मी तुम्हाले खोटं नाही म्हणलं. रागात माणूस बोलते.” त्याने बाटलीचं झाकण लावलं. “पण त्यांनी काय कमी केलं तुमच्यासाठी, सारं सावनेर जाणते. अन् आजही पहा, सख्ख्या भाचीची कंपनी, तरी आम्हाले बुडू नाही दिलं. दुसरा असता तं गप बसला असता.”

अश्लेषाला आता रडू आलं, आणि सुमंतला वाटलं ते पश्चात्तापाचं आहे. तो जरा लांब जाऊन उभा राहिला, तिला नीट रडू द्यावं म्हणून, आणि तिथून फोन लावून बोलू लागला. हो, भेटल्या. हो, कोराडीच्या पुढं. नाही, ठीक हायेत, थोड्या घाबरल्या हायेत. मग फोन हातात घेऊन तो परत आला आणि पडदा सदऱ्याला पुसून तिच्यापुढे धरत म्हणाला, “घ्या, बोला. रुपरावजी हायेत. ते म्हणून राहिले, माह्या मनात काही नाही.”